किडनीवरची गाठ, अर्धवट सीडी आणि चतुर्थीचे दिवस – माझा अनुभव

पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली होती. खडे नव्हतेच, पण डाव्या किडनीवर साडेतीन सेंटीमीटरची गाठ दिसली आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत कॅन्सर नाकारता येत नाही, सीटी स्कॅन करावा असं लिहिलेलं. मला ना दुखत होतं ना लघवीतून रक्त. आता अशा बऱ्याच गाठी दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात म्हणे, त्यामुळे काही त्रास नाही म्हणून सीटी पुढे ढकलू नका.

क्रिएटिनीन (किडनीचं काम बघणारी रक्ततपासणी), कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढतात तो) हे सगळं पटापट झालं. रिपोर्ट आला, त्यात 'इनडिटरमिनेट' म्हणजे ठरवता येत नाही. तो घेऊन फोंडाघाटातून कोल्हापूरला युरॉलॉजिस्टकडे गेलो, दाजीपूरपर्यंत नुसतं धुकं आणि पाऊस, गाडीत कोणी बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी सीडी लावली आणि विचारलं, यात प्लेन स्कॅन, म्हणजे औषध देण्याआधीचा, कुठाय? मला काहीच कळेना. मग त्यांनी नीट समजावलं. गाठीचा एक भाग पांढरट दिसतोय, तो शिरेतून दिलेल्या औषधामुळे पांढरा झालाय की आधीपासूनच तसा आहे हे औषधाआधीचा स्कॅन बघितल्याशिवाय कळत नाही. स्कॅनमध्ये प्रत्येक जागा किती पांढरी दिसते याचा एक आकडा (हाउन्सफील्ड युनिट) मिळतो, औषध दिल्यावर तिथला आकडा 20 किंवा जास्त वाढला तर त्या भागाला रक्तपुरवठा आहे, म्हणजे संशय वाढतो. दोन्ही वेळी आकडा तोच असेल तर आत जुनं घट्ट झालेलं रक्त किंवा पाणी असू शकतं. आणि आमच्या सीडीत फक्त औषधानंतरचे फोटो! म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्यात होतं तेवढंच दिलेलं नव्हतं.

सेंटरला फोन केला तर "मॅडम सगळं दिलंय". परत केला तर सीडी बनवणारा मुलगा चतुर्थीला गावाला गेलाय, म्हणजे आता पाच दिवस विसराच. मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली, तर व्हॉट्सॲपवरची चालत नाही प्रिंट आणा, आणि चतुर्थीच्या दिवसात आमच्याकडे झेरॉक्सवाला कुठला उघडा असणार. आणि वर एकजण सहज बोलून गेला की जुना डेटा मशीनमधून काढून टाकतात कधीकधी. हे ऐकल्यावर मी रात्रभर जागी. आजारामुळे थांबावं लागतं ते मी समजू शकते, लॅबला वेळ लागतो, डॉक्टरांना विचार करायला वेळ लागतो. पण एक बटण दाबायचं कोणाला सुचत नाही म्हणून एखाद्या बाईने कॅन्सर आहे की नाही या विचारात दिवस काढायचे, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

घरात गणपती. मी फक्त नवऱ्याला आणि दिराला सांगितलं होतं, पण काकांनी गणपतीसमोर गाऱ्हाणं घालताना माझ्या किडनीचं नाव घेतलं आणि अख्ख्या वाडीला कळलं. मग येणारा प्रत्येकजण "रिपोर्ट इलो काय गो?" प्रेमानेच विचारत होते, पण दर वेळी पोटात गोळा यायचा. शेवटी दिराला सांगितलं, कोणीही विचारलं तर उत्तर तू द्यायचं, माझ्यापर्यंत आणायचं नाही. या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त शांतता मिळाली. भजनाला येणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ करत बसायचे, हात चालू असले की डोकं थोडं गप्प व्हायचं. कुळथाचं पाणी पी म्हणून तिघीचौघींनी सांगितलं, पण ते मुतखड्यासाठी पितात, गाठीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हो, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी आवर्जून सांगा, किडनी कमजोर असेल तर ती काही वेळ बंद ठेवायला लावतात. आणि रात्री मोबाईलवर शोधत बसू नका. मला डॉक्टरांनी सांगितलेलं पुरेसं होतं की 4 सेंटीमीटरच्या आतल्या भरीव गाठींमध्येसुद्धा साधारण पाचातली एक साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघते, आणि किडनीत दर वेळी सुईने तुकडा काढतातच असं नाही, बऱ्याचदा थेट ऑपरेशन करून गाठ तपासायला पाठवतात.

गौरी-गणपती गेल्यावर नवरा प्रिंट घेऊन सेंटरच्या काउंटरवर जाऊन उभाच राहिला, पूर्ण डेटा घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. टेक्निशियनने पाच मिनिटांत काढून दिला. पाच मिनिटं!

दोन्ही स्कॅनमध्ये त्या भागाचा आकडा जवळपास सारखाच निघाला. आत पाण्याची गाठ आहे, पडदे जरा जास्त आहेत, बोस्नियाक 2एफ असं डॉक्टर म्हणाले. बोस्नियाक ही किडनीतल्या पाण्याच्या गाठींची प्रतवारी, 2एफ म्हणजे कॅन्सरची शक्यता कमी पण लक्ष ठेवायचं. ऑपरेशन नाही, पण 6 महिन्यांनी परत स्कॅन, मग वर्ष झाल्यावर, आणि पुढे 5 वर्षं होईपर्यंत वर्षातून एकदा. घाटात उतरताना मी रडले, नवऱ्याने गाडी बाजूला घेतली.

म्हणजे वाट बघणं संपलेलं नाही. पुढचा स्कॅन दुसऱ्या सेंटरला करणार आहे, आणि आत जायच्या आधीच काउंटरवर सांगणार आहे की प्लेनसकट सगळे फोटो सीडीत हवेत. तुम्हीही सीडी हातात आली की तिथेच उभं राहून विचारा.