आमची वाटचाल : मागाच्या बुशापासून ब्राँझच्या शिल्पापर्यंत

आमचं मूळ काम यंत्रमागाच्या गनमेटल बुशांचं, म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो त्या तांब्याच्या मिश्रधातूच्या कड्यांचं. वडिलांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका भट्टीवर ओतकाम सुरू केलं. चादरीचे माग खडखडत होते तोवर बुश झिजायचे आणि आमचं घर चालायचं. माग कमी झाले तसं काम आटलं. मग अर्धपुतळे आले, आणि त्यातच आम्ही मेणाचं काम शिकलो : आधी मेणाचा नमुना, त्यावर साचा, मग मेण वितळवून त्या जागी धातूचा रस.

खरा कस लागला तो एका विद्यापीठाच्या आवारातल्या अमूर्त शिल्पात. नऊ फूट उंची. चेहरा नाही, हातपाय नाहीत, नुसते गुळगुळीत वळसे. शिल्पकार सरांनी शिकागो विद्यापीठातल्या, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांच्या ‘न्यूक्लिअर एनर्जी’चे फोटो दाखवले. १९४२ मध्ये जिथे पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली, तिथेच बरोबर २५ वर्षांनी, २ डिसेंबर १९६७ ला अनावरण झालेलं ते बारा फुटी ब्राँझ मी रात्री कितीतरी वेळ बघत बसलो. मोठं काम भागाभागांत ओतून वेल्डिंगने जोडतात; पुतळ्यात फेट्याच्या चुण्यांत जोड लपवता येतो. इथे लपवायला जागाच नव्हती.

मेणाचे भाग नेमके एप्रिलात आले. सोलापूरचा एप्रिल! दुपारी मेण आपल्याच वजनाने कलायचं. म्हणून पहाटे चारला कामाला लागायचो, नऊला थांबायचो आणि तयार भाग पाण्याच्या टाकीत ठेवायचो. ओतकाम छान झालं. साधारण साडेअकराशे अंशांचा रस, एकही भाग वाया गेला नाही.

चूक पुढे झाली आणि ती माझी. वेल्डिंगला हाताशी होती ती सळी वापरली. घासून पॉलिश केल्यावर जोड कुठे ते कळेना. पण टॉर्चने तापवून लिव्हर ऑफ सल्फर हे ब्राँझला रंग चढवणारं गंधकाचं रसायन मारलं, तपकिरी रंग चढला आणि तिसऱ्या जोडावर बोटभर रुंद फिकी रेघ उठली. सळीचा धातू वेगळा, म्हणून रंगही वेगळा. मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, “मालक, कापू या.” कापलं. उरलेल्या त्याच धातूच्या सळ्या ओतल्या, पुन्हा जोडलं. निम्मा नफा त्यात गेला, पण तसं शिल्प मी उभं करू दिलं नसतं.

तळाला पाणी निघायला भोक ठेवलंय. दरवर्षी पावसाळा संपला की आम्ही जातो, शिल्प धुतो, हलकं तापवून मेण चढवतो. काका आधी तिसऱ्या जोडावरून नख फिरवतात. अजून अडकलेलं नाही.