तुम्ही विचारलंत म्हणून: सुरमईला का वगळलं?

परवा एका मुंजीत, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावलेली असताना, आपल्यातल्याच एकाने पानावरून वाकून विचारलं, "ते सगळं ठीक, पण सुरमईला का वगळलंत?" शेजारच्या बाईंना वाटलं स्वयंपाकाबद्दल चाललंय. मुंजीच्या पंगतीत सुरमई! त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मला जिलबी संपेपर्यंत पुरली.

सुरमई हे आमच्या फाशांच्या बेसबॉलमधल्या एका खेळाडूचं टोपणनाव, आणि ऑल-स्टारच्या यादीतून मी त्याला वगळलं. दोन वर्षं होत आली तरी प्रश्न संपत नाही, म्हणून एकदाच लिहिते. पुन्हा विचारलंत तर हे पुढे करीन.

ज्यांना शनिवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत काय चालतं ते माहीत नाही, त्यांच्यासाठी चार ओळी. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा 1961 पासूनचा अमेरिकन खेळ. खऱ्या बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणि फासे. पांढऱ्या फाशावर एक ते तीन पडलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगेल ती ओळ वाचायची. आम्ही आठ जण, आठ संघ. मुठा नदीच्या अलीकडचे चार, पलीकडचे चार. प्रत्येक संघाचे 42 सामने, आणि 21 झाले की अलीकडचे विरुद्ध पलीकडचे असा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा सामना. तिसऱ्या हंगामाला 1995 चा संच होता. यादी मी करते.

सुरमई म्हणजे टिम सॅमन, कॅलिफोर्निया एंजल्सचा राइट फील्डर, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला लांब उभा राहणारा. तिकडे त्याला 'किंग फिश' म्हणायचे, आपण ते मंडईच्या मराठीत आणलं. 1995 ला त्याची सरासरी .330, होमरन (आपल्या षटकारासारखे) 34, आरबीआय, म्हणजे त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा, 105. (आमच्या आठांतले आप्पा, त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. "याचे आरबीआय एकशे पाच" हे पहिल्यांदा ऐकून ते म्हणाले होते, "आमच्या वेळी एकच होती.") तिकडच्या त्या जुलैच्या ऑल-स्टार यादीत सॅमनचं नाव नव्हतं. मे महिन्यात मनगट मोडून घरी बसलेल्या केन ग्रिफी ज्युनियरचं होतं. पुढे सॅमन 2006 ला निवृत्त झाला, 299 होमरन मारून, एकदाही ऑल-स्टार न होता.

तिकडच्यांना निदान म्हणायला जागा आहे की निवड जुलैत होते आणि आकडे हंगाम संपल्यावर कळतात. आमच्याकडे ती सोय नाही. कार्ड पूर्ण वर्षाचं असतं, 34 होमरन पहिल्या दिवसापासून त्यात छापलेले असतात. म्हणून तुमचा प्रश्न जास्त टोचतो. खऱ्या जगात राहून गेलेलं आपण इथे तरी सरळ करू, याच भरवशावर तर हे सगळं मांडलं होतं.

मांडलं होतं म्हणजे मीच. नियमवहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "या लीगमध्ये निवड आकडे करतील, माणसं नाही." तेव्हा मी फार जोरात होते. निवड समिती हा शब्द निघाला की भाऊसाहेब निंबाळकरांवर यायचे. 1948 चा डिसेंबर, आपलं पुणे, काठियावाडविरुद्ध 443 नाबाद. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला, आणि एवढं करून या माणसाला एक कसोटी मिळाली नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या घरात '443' म्हटलं की पोरं उठून दुसऱ्या खोलीत जातात. ते पान लिहिणारी बाई आज भेटली तर तिला विचारीन, आकडे यादी करतात म्हणजे नेमकं काय करतात गं? पेन कोण धरतं?

मतदान का नाही, असंही विचारता. पहिल्या हंगामाला केलं होतं की. पलीकडच्या एकाने बायको, दोन्ही मुली आणि नागपूरचे सासू-सासरे यांच्याकडून मतं आणली. सासऱ्यांना पिचर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. अमेरिकेत 1957 ला हेच झालं. सिनसिनाटीच्या लोकांनी इतकी मतं घातली की आठांपैकी सात जागी त्यांचेच खेळाडू. मग बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं, आणि लोकांचा मताधिकार गेला तो 1970 पर्यंत. तुम्हीच हसत हसत मला 'फ्रिकबाई' केलंत. आता तक्रार कसली?

तर तो शनिवार. अलीकडच्यांच्या यादीत पंधरा जागा: पाच पिचर, दोन कॅचर, चार इनफिल्डर (जवळ उभे राहणारे), चार आउटफिल्डर (लांब उभे राहणारे: लेफ्ट, सेंटर, राइट). आउटफिल्डमध्ये अल्बर्ट बेल, बॅरी बाँड्स आणि टोनी ग्विन यांच्याबद्दल वादच नव्हता. चौथ्या जागेला दोघे. आप्पांचा सॅमन, 21 सामन्यांत .352 आणि नऊ होमरन. आणि स्टीव्ह फिन्ली, .281, होमरन एक.

फिन्ली माझ्या संघातला.

माझा संघ तेव्हा 21 पैकी पाच जिंकून तळाला होता. प्रत्येक संघातला निदान एक तरी खेळाडू ऑल-स्टारला हवा हा नियम तिकडच्या खऱ्या मेजर लीगमध्येही आहे, आमच्याकडेही आहे. मी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि यादी वाचली. सॅमनचं नाव आलं नाही तेव्हा कोणीतरी "अरेरे" म्हणालं. आप्पा काही बोलले नाहीत. शनिवार पेठेतून चालत येणारा माणूस, वय एकोणसत्तर, आपल्या संघाचा हिशेब खतावणीत ठेवतो: हिट निळ्या शाईने, आउट लाल शाईने. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वही बघू गं जरा."

मी दिली. नाही का म्हणायचं?

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पानावर पंधरा नावं. चौदा काळ्या शाईत आणि फिन्ली निळ्या. मी आदल्या रात्री यादी करायला बसले, पहिलं नाव लिहिलं आणि पेन संपलं. मग मुलीच्या कंपासमधलं काळं घेतलं. आउटफिल्डच्या चार ओळींतली शेवटची ओळ निळी, कारण तिथे फिन्ली आधी बसला होता आणि बाकीचे तिघे नंतर त्याच्या डोक्यावर येऊन बसले होते. आप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बँकेत अडतीस वर्षं लोकांच्या नोंदी तपासलेलं बोट. "हे नाव आधी लिहिलेलं दिसतंय," म्हणाले. आवाजात काही नव्हतं. वही मिटून माझ्याकडे दिली आणि पुढचा सामना कोणाचा म्हणून विचारलं.

खोलीतल्या बाकीच्यांना काय झालं ते कळलंही नसेल. माझे कान तापले होते.

पुढच्या शनिवारी आप्पांनी फुलस्केपवर दोन पानी अर्ज आणला. "विषय: श्री. टिम साल्मन यांना ऑल-स्टार यादीतून वगळल्याबाबत." 'सॅमन' हा उच्चार त्यांना मान्य नाही, स्पेलिंगात एल आहे तर तो म्हणायचा. वर उजव्या कोपऱ्यात 'आवक क्र. 1' हेही त्यांनीच लिहिलं होतं, मी लिहिणार नाही याची खात्री असल्यासारखं. मुद्दे तीन. एक, आकडे. दोन, आपल्या संघाचा कोटा आपण एखादा पिचर देऊनही भरू शकला असतात. तीन, "सदर निवड आकड्यांआधी झाली असल्याचे शाईवरून दिसते." खाली "कळावे", आणि सही.

दुसरा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे एक बरा पिचर होता. तो घेतला असता तर कोटा भरला असता आणि चौथी जागा सुरमईची. सोळा सामने हरल्यावर रात्री अकरा वाजता वही घेऊन बसलेल्या बाईला आपला एक माणूस मैदानात धावताना बघायचा होता, डगआउटमध्ये, म्हणजे बाहेर बाकावर, बसलेला नाही. कारण एवढंच होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पण थांबा. बेल लेफ्ट फील्डर. बाँड्स लेफ्ट. ग्विन राइट, सॅमनही राइट. मग सेंटर फील्डला कोण उभं राहणार? बाँड्स सुरुवातीच्या वर्षांत सेंटर खेळला होता हे मला सांगू नका, आमच्याकडे कार्ड 1995 चं आहे आणि त्यावर ते नाही. फिन्लीने त्या वर्षी सेंटर फील्डला गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळवला. संघ म्हणून यादी करायची तर फिन्ली लागतोच. हा मुद्दा मला अर्ज वाचल्यावर, जिन्यात आप्पांच्या मागे उतरताना सुचला. उशिरा सुचला, कबूल. उशिरा सुचलेला मुद्दा खोटा असतो का? मला अजून तसं वाटत नाही. आणि तो खरा असता तर आदल्या रात्रीच सुचला असता, असंही कधी कधी वाटतं.

ऑल-स्टारला अलीकडच्यांचे फासे आप्पांनी टाकले, वयाने मोठे म्हणून. पोळीच्या डब्याच्या झाकणात, मनगट हलकं वळवून, नेहमीसारखे. सातव्या डावात सेंटरला खोल चेंडू गेला, क्षेत्ररक्षणाचा वीस बाजूंचा फासा पडला आणि फिन्लीने तो धरला. राइट फील्डर तिथे उभा असता तर दोन धावा गेल्या असत्या, मी तक्त्यात बघितलं. नवव्या डावात दोघे बेसवर, दोन आउट, फिन्ली बॅटिंगला. आप्पांनी फासे टाकले. स्ट्राइकआउट. एका धावेने हरलो. आप्पांनी त्याची नोंद लाल शाईने केली, माझ्या खेळाडूची, त्यांच्या खतावणीत.

अर्जाला मी उत्तर दिलेलं नाही. तो नियमवहीच्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पहिल्या पानाच्या मागे.

या हंगामाला पुन्हा 1995 चाच संच काढलाय. खेळाडू वाटून घेताना पहिल्या फेरीत मी सुरमई उचलला. सगळे ओरडले, आप्पा सोडून. त्यांनी पाचव्या फेरीत फिन्ली घेतला, माझ्याकडे न बघता. एकवीस सामने झालेत. फिन्ली .310 वर आहे. सुरमईची सरासरी .238, फासे म्हणजे फासे. माझा संघ या वेळी दुसरा आहे, त्यामुळे कोट्याचं कारणही हाताशी नाही. यादी पुढच्या शनिवारी लावायची आहे आणि काल मी नवं पेन आणलंय.