बिलातून ओआरएसच कमी केलं

आमचं मेडिकल दारव्हा-आर्णी रोडवर, बाजाराच्या गावात, आजूबाजूच्या आठ-दहा खेड्यांचं गिऱ्हाईक. जुलैचा बुधवार, बाजाराचा दिवस, सकाळपासून झड लागलेली, अन् नवं पाणी आलं की हगवणीच्या चिठ्ठ्या सुरू होतातच, त्यात नवल काही नाही.

दुपारी एक जण आला, तिशीतला, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. "भाऊ, पोट्ट्याले दोन दिसांपासून संडास लागली, पाण्यासारखी. हे सारं देऊन द्या." चिठ्ठी तालुक्याच्या डॉक्टरची. अँटिबायोटिकचं सिरप ९५, झिंक ६०, ओआरएसची चार पाकिटं ८८, आणि प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटासाठी चांगले म्हणतात त्या जंतूंच्या, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाटल्या, रोज दोन, पाच दिवस, म्हणजे दहा, एकीचे ६० धरा, झाले ६००. टोटल ८४३. त्याच्या खिशात ७००.

"मंग काही कमी करा न जी."

"काय कमी करू?"

त्यानं सरळ पाकिटांवर बोट ठेवलं. "हे तं साखर-मीठच होय, घरी करतो. आन् हे झिंक बी राहू द्या." उरले ६९५. खरं सांगतो, मी कॅल्क्युलेटरवर आकडा मारला पण होता, दुकानदाराला ६९५ चं बिल वाईट दिसत नाही.

मग सहज बाहेर पाहिलं. माय बाकावर बसलेली, मांडीवर दीड वर्षाचं लेकरू, डोळे खोल गेलेले, किरकिर करत होतं पण डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. पाण्याची बाटली समोर धरली तर झडप घालून प्यालं. पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. केलेला माणूस, पण एवढं समजते. अंगातलं पाणी चाललं होतं आणि बापानं बिलातून नेमकं पाणीच कमी केलं होतं.

डॉक्टरला फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, संडासात रक्त आहे का, पोरगं सुस्त पडलं का. दोन्ही नाही म्हटल्यावर म्हणाले, "ओआरएस अन् झिंक सोडू देऊ नको. तिथंच पाजायला लाव, पेशाब नाही झाली तर आरोग्य केंद्रात पाठव. त्या प्रोबायोटिकच्या बाटल्या नाही दिल्या तरी चालते."

"सर, मग लिहिता कायले?"

हसले. "नाही लिहिलं तर लोक म्हणतात, साखरेच्या पाण्याची फी घेतली."

बिसलेरीची रिकामी लिटरची बाटली धुतली, पिण्याचं पाणी भरलं, पूर्ण पाकीट त्यात टाकलं. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे अर्धे लोक लिटरचं पाकीट एका पेल्यात घोळतात, मग मीठ जास्त होऊन पोराला उलटं नुकसान. चमच्यानं पाजायला लावलं, मिनिटा-दोन मिनिटाला एक. एकदा भडभडून ओकलं, माय घाबरली, दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. मधे अंगावर पण पाज म्हटलं.

त्या रात्री माझ्या भाच्यानं, तो बी. फार्म. करतो, मला अभ्यास वाचून दाखवले. २०१८ च्या नोव्हेंबरात न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरी नियतकालिकात दोन मोठे आले होते, अमेरिकेत ९७१ लेकरं, कॅनडात ८८६, अर्ध्यांना प्रोबायोटिक, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी पुडी, दोन्हीकडं फरक नाही. त्याआधी कॉक्रेनवाले, म्हणजे सारे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, २०१० मधे म्हणत होते की हगवण साधारण एक दिवस आधी थांबते, २०२० मधे ८२ अभ्यास पाहून त्यांनीच सांगितलं की बहुतेक फरक पडत नाही. आता ती लेकरं तिकडची, आपल्याकडची कुपोषित, जंतू वेगळे, अन् प्रोबायोटिकच्या जाती पण सतराशे साठ, हे मला मान्य आहे. पण जुनंच खरं धरू. एक दिवस वाचला. मायची निंदणाची एक रोजी वाचली, आमच्याकडे अडीचशे-तीनशे. त्यासाठी ६०० घालायचे? हा हिशोब तर बाजारात वांगे विकणारी बाई पण करून देईन. अन् कुपोषित लेकरात एखाद दिवस कमी करायचं काम झिंकही करते, ६० रुपयात, आशाताईकडून तर फुकट, फक्त १४ दिवस पूर्ण द्या लागते, जुलाब थांबले की लोक बंद करतात.

हे झालं रात्रीचं. इकडं दुकानात, पाजायला लागल्यावर दोनेक तासानं पोरानं बाकावरच मुतलं, मायच्या लुगड्यावर, दुकानाच्या पायरीपर्यंत. माय हसली, मी पण. जिंदगीत कोणाच्या मुतानं एवढा खुश झालो नव्हतो.

बिल केलं, २४३. बापानं सातशेची गड्डी मोजली, परत मोजली, काउंटरवरून हलेना. "सस्त्यात होते काय जी बरं? का पैसे नाही म्हून कमी देऊन रायले?" मी फोनवरचं सारं सांगितलं. मान डोलावली. एसटीचा हॉर्न वाजला तसा म्हणाला, "एक बाटली तं द्या. घरी माही माय विचारन, दवाई कुठी हाय म्हून."

मी दिली. त्यानं ती उजेडात धरून हलवून पाहिली. "हे बी पाणीच दिसते न, बाप्पा."

साठ रुपये घेतले.