जॉन पारची सायकल : पुढचे चाक उभे राहिले, मागचे अजून अडलेले

पुढचे चाक अखेर जमले. मागची टिपणे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच की १/३५ मापातील, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या देखाव्यातली सैनिक जॉन पारची आकृती आणि बैठकीवरचा, म्हणजे देखाव्याच्या तळफळीवरचा रस्ता केव्हाच तयार होता आणि सारे काम सायकलीच्या चाकांच्या तारांपाशी अडले होते. २१ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील मॉन्सजवळ, ओबूरच्या परिसरात मारला गेलेला पार हा पहिल्या महायुद्धातील रणभूमीवर बळी पडलेला पहिला ब्रिटिश सैनिक मानला जातो. मिडलसेक्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचा तो टेहळणी करणारा सायकलस्वार होता. तेव्हा या देखाव्यात सायकलच फसली, तर गणवेशाच्या रंगछटांवर घेतलेल्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही.

अडचण अशी आहे. २८ इंची चाक आपल्या मापात जेमतेम २० मिलिमीटरचे होते आणि खरी दोन मिलिमीटरची तार ०.०६ मिलिमीटरच्या आत बसवावी लागते. ब्रिटिश सायकलींच्या जुन्या प्रथेप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. प्रतिकृतीच्या सेटबरोबर आलेली फोटो-एचची, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेली चाके दिसायला नाजूक असली, तरी पूर्ण सपाट आहेत. खऱ्या चाकात तारा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही कडांपासून तिरप्या निघून रिमच्या मध्यरेषेवर एकत्र येतात, त्यामुळे चाकाला मधोमध जाडी येते. सपाट चाक समोरून पाहिले की नाहीसेच होते. एवढी किंमत लावणाऱ्यांनी निदान दोन थर तरी द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारांसाठी मेणबत्तीवर ताणलेली स्प्रू (सेटमधल्या सुट्या भागांची प्लास्टिकची चौकट) प्लास्टिक जोडायचे सिमेंट लागताच विरघळते, मासेमारीच्या दोऱ्यावर रंग ठरत नाही आणि पावसाळी हवेत सुपर ग्लूचा पांढरा थर सगळीकडे धरतो. उपयोगी पडली ती जुन्या इअरफोनच्या कॉइलमधली तांब्याची तार. मात्र नवी तार ओढली की आधीची सैल पडे आणि हब मध्य सोडून सरके. सायकल दुरुस्त करणारे चाकाचा आऊट काढताना एकाच बाजूला आवळत जात नाहीत. तोच नियम इथे लावला. हब टाचणीवर पक्का रोवला, तारा समोरासमोरच्या जोड्यांनी ओवल्या आणि सगळ्या ताणल्या गेल्यानंतरच रिमवर ग्लूचा थेंब टेकवला. चाक फिरवून पाहिले, तर डुगडुगत नाही! त्या संध्याकाळी दुसरे काहीही हाती घेतले नाही.

मागच्या चाकाने मात्र ही पद्धत उधळून लावली. फ्रीव्हीलमुळे त्या बाजूची हबची कड आत सरकलेली असते, दोन्हीकडच्या तारांचा कोन सारखा राहत नाही आणि ताण येताच रिम वाकते. चाकाचा खालचा भाग रस्त्याकडेच्या गवतात लपवावा, असा मोह झाला होता, पण ती लबाडी ठरली असती. हे लिहिता लिहिताच सुचले की वीस-वीस तारांचे दोन थर वेगवेगळ्या टाचण्यांवर बांधून, वाळल्यावर एकमेकांवर चिकटवता येतील. आता तेच करून पाहणार आहे.

आकृतीबद्दल थोडक्यात. पारची उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे आपल्या मापात सुमारे ४६ मिलिमीटर. बाजारातील तयार आकृत्या याहून उंच असल्याने मांड्यांपाशी कापून पाय आखूड केले आणि सायकलीची सीटही खाली घेतली. डोक्यावर अर्थातच कापडी टोपी आहे, कारण पोलादी शिरस्त्राण १९१५ पर्यंत आलेच नव्हते. चेहरा मुद्दाम कोवळा ठेवला आहे. समाधीच्या दगडावर वय २० कोरलेले असले, तरी गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करणारा हा मुलगा वय वाढवून सांगून सैन्यात शिरला होता आणि मृत्यूसमयी तो १७ वर्षांचा होता.

जर्मन घोडेस्वारांशी चकमक दाखवण्याचा मूळ बेत मी रद्द करीत आहे. सोबत्याला मागे पाठवून पार एकटा थांबला, असे सांगितले जाते, तर काहींच्या मते गोळी आपल्याच बाजूची होती. त्याच्या आईने रेजिमेंटला पत्र लिहून विचारणा केली, तेव्हा तिलाही नीट उत्तर मिळाले नाही. मग मी बंदुकीची नळी कोणत्या दिशेला वळवायची? आता तो सायकल हाती धरून पुढचा रस्ता न्याहाळत उभा असेल.

वाचलेल्या जागेमुळे दुसरी बैठक करण्याचे मनात आले आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या सुमारे दीड तास आधी, त्याच मॉन्सजवळ पाचव्या रॉयल आयरिश लान्सर्स या घोडदळाचा जॉर्ज एलिसन मारला गेला. लीड्सचा हा ४० वर्षांचा माणूस कोळशाच्या खाणीत काम केलेला होता. सँ-सँफोरियांच्या दफनभूमीत त्याची आणि पारची समाधी योगायोगाने समोरासमोर आली आहे, म्हणून दोन्ही बैठका एकाच आकाराच्या ठेवीन. त्यासाठी ब्रिटिश पद्धतीचे १९१२ चे खोगीर असलेला उभा घोडा हवा आहे. बाजारात बहुतेक घोडे जर्मन खोगिराचे आणि चौखूर उधळलेलेच मिळतात. कोणाकडे साचा किंवा रेझिनचा सुटा घोडा असल्यास कृपया कळवावे. बदल्यात मी तांब्याची तार देऊ शकतो, ती आता भरपूर आहे.