बैठकीत बसून काय करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आषाढी जवळ आली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, वारीत सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, पाया पडतात. मग बायकांना दिंडीच्या बैठकीत बसायचा हट्ट कशाला?"

मुक्कामावर आम्ही रात्री अडीचला उठतो. पुरुष जागे व्हायच्या आत अंघोळी उरकायच्या असतात. पाण्याचा टँकर उभा असतो राहुट्यांच्या पार त्या टोकाला, पुरुष झोपतात तिकडे. चिखलातून चाचपडत बादल्या भरून आणायच्या, दोघींनी लुगड्याचा आडोसा धरायचा, तिसरीने भराभरा दोन-चार तांबे अंगावर घ्यायचे. आमच्यातल्या एक सत्तरीच्या आजी चालताना दिवसभर पाणीच पीत नाहीत, वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून.

टँकर कुठे लावायचा हे ठरतं निघण्याआधीच्या बैठकीत. तिथे चालक, विणेकरी, हिशेब बघणारे, सगळे पुरुष. आणि दिंडीत निम्म्याहून जास्त आम्ही! एकदा मी विषय काढला तर उत्तर आलं, "माऊली, तुम्ही भजनाचं बघा, व्यवस्थेचं आम्ही बघतो." मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. टँकर मात्र तिथेच राहिला.

परंपरेत बसत नाही म्हणतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. गोरोबाकाकांकडे संत जमले असताना मडकी तपासायचा विषय मुक्ताबाईंनीच काढला, आणि कच्चे ठरले ते नामदेव, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! चांगदेवांनी गुरू केलं ते त्यांनाच. साकोरीला उपासनी महाराजांच्या मागे आश्रमाची धुरा गोदावरी मातांनी वाहिली, तिथे यज्ञयागही आश्रमातल्या व्रतस्थ बायका, म्हणजे कन्याच करतात. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचा वंशपरंपरागत हक्क न्यायालयाने संपवल्यावर २०१४ मध्ये मंदिर समितीने पुजारीपदासाठी बायकांचेही अर्ज मागवले.

यंदा आम्ही चौघींनी चालकांना लेखी दिलंय: बैठकीत दोन जागा द्या आणि त्या दोघी आम्हाला निवडू द्या. दुसऱ्या वाक्यावर अडलंय. "आम्हीच दोन चांगल्या बायका घेतो," म्हणतात. चांगल्या म्हणजे गप्प बसणाऱ्या, हे आम्हाला कळतं. आजींना घ्या म्हटलं, तर म्हणाले, त्या फार बोलतात. आम्ही त्यांचंच नाव दिलंय.