संज्ञा एकेकट्या पाठ करू नका, जोडीनं करा

मुंबईत, गिरणगावातल्या एका रात्रशाळेत मी दहावीला शिकवते. शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते. बाकांवर बसलेली मुलं-मुली दिवसभर राबून आलेली असतात. कुणी गोदामात हमाली करतं, कुणी फोटो फ्रेमच्या दुकानात असतं, एक जण पहाटे भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडतो, आणि चाळिशीतल्या एक ताई पोळी-भाजी केंद्रातून थेट वर्गात येतात. पुस्तकं दिवसाच्या शाळेचीच, पेपरही तेच. घरी गेल्यावर अभ्यासाला उरतो जेमतेम एक तास. तेवढ्या वेळात त्यांनी व्याख्यांची वही पहिल्या पानापासून घोकत बसावं, हे मला पटत नाही.

म्हणून मी उजळणीत संज्ञा एकटी घेतच नाही. जिच्याशी तिची गल्लत होते ती शेजारीण सोबत घ्यायची आणि दोघींमधली भिंत एका वाक्यात लिहायची. पेपर तरी दुसरं काय विचारतो? ‘फरक स्पष्ट करा’, ‘वेगळा घटक ओळखा’, इतिहासात ‘चुकीची जोडी ओळखा’. सगळीकडे त्या भिंतीचीच चौकशी असते.

सुरुवात वस्तुमान आणि वजन यांनी करते. गोदामातला मुलगा ठामपणे सांगतो, ‘बाई, पोत्याचं वजन पन्नास किलो.’ बाजारात ते बरोबरच आहे, तिथे सगळे तसंच बोलतात. पेपरात मात्र किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि न्यूटन हे वजनाचं. ६० किलोग्रॅमचा माणूस चंद्रावर गेला तरी ६० किलोग्रॅमच राहतो. त्याचं वजन पृथ्वीवर ५८८ न्यूटन असतं, ते तिथे साधारण ९८ न्यूटन होतं, कारण चंद्राचं ओढणं पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. ‘जागा बदलली की काय बदलतं?’ एवढा एक प्रश्न लक्षात राहिला तरी ही जोडी पुन्हा चुकत नाही.

उष्णता आणि तापमान ही त्याहून अवघड जोडी. इथे बर्फ फोडणारा मुलगा माझ्या कामी येतो. मासळी नुसत्या गार पाण्यात टिकत नाही, बर्फातच टिकते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग मी विचारते, पाणी शून्य अंशाचं आणि बर्फही शून्य अंशाचा, तर फरक कशाने पडतो? शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो आणि तरी त्याचं तापमान शून्यच राहतं. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. उष्णता आत गेली पण तापमापीला दिसली नाही, म्हणून ती अप्रकट. हे कळलं की पुस्तकातली ‘विशिष्ट अप्रकट उष्म्या’ची लांबलचक व्याख्या आपोआप तीन तुकड्यांत मोडते: स्थिर तापमान, एकक वस्तुमान, अवस्थेतला पूर्ण बदल. यातला एक तुकडा सुटला की गुण गेला. पहिला तुकडा सर्वांत जास्त वेळा सुटतो, आणि खरं तर सगळा अर्थ त्याच्यातच आहे.

मेंडेलीव्ह आणि मोजले यांना फार वेळ लागत नाही. मूलद्रव्यांचा क्रम लावायला मेंडेलीव्हने १८६९ साली अणुवस्तुमान धरलं, मोजलेने १९१३ साली अणुअंक. फक्त कोबाल्ट आणि निकेल दाखवायचे. कोबाल्टचं अणुवस्तुमान निकेलपेक्षा किंचित जास्त, तरी तक्त्यात कोबाल्ट आधी येतो, कारण त्याचा अणुअंक २७ आणि निकेलचा २८.

गणितात संज्ञा नसतात, फक्त सूत्रं असतात, असा समज मुलांमध्ये पक्का असतो. तो काढावाच लागतो. मध्य, मध्यक आणि बहुलक घ्या. एका दुकानातले पाच पगार धरा: १२, १२, १४, १५ आणि ४७ हजार. मध्य येतो २० हजार. पण पाचपैकी चौघांना त्याच्या जवळपाससुद्धा मिळत नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, १४ हजार. बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा, १२ हजार. ‘आमच्या दुकानात सरासरी पगार वीस हजार’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही, पण कामाला जाणाऱ्याने मध्यक विचारावा. हे उदाहरण दिलं त्या दिवशी वर्ग बराच वेळ बोलत राहिला, आणि मी त्यांना बोलू दिलं.

एकरूप आणि समरूप यांची भिंत फ्रेमच्या दुकानातल्या मुलीने सांगितली. चार बाय सहाचा फोटो आठ बाय बारा केला तर आकार तोच, माप दुप्पट, म्हणून समरूप. मापही तेच राहिलं तर एकरूप. काच मात्र दुप्पट लागत नाही, चौपट लागते. क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं, हे प्रमेय ती रोज काच कापताना वापरते.

वर्गसमीकरणात एकाच शब्दावर लक्ष ठेवायला सांगते. विवेचकाची, म्हणजे b² − 4ac ची, किंमत ऋण आली तर ‘मुळे नाहीत’ असं लिहून थांबायचं नाही. ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहायचं.

इतिहासाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तिथे मुलं नावं पाठ करतात आणि विचार सोडून देतात. प्राच्यवादी आणि वसाहतवादी इतिहासलेखन घ्या. दोन्हीकडे ब्रिटिश, काळही मागचा-पुढचा, म्हणून गल्लत ठरलेली. विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली. संस्कृतचा अभ्यास केला, इथलं जुनं वाङ्मय वाचलं. जेम्स मिल यांनी भारताचा इतिहास लिहिला, तो १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या देशात त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. एकाला इथल्या संस्कृतीचं कुतूहल, दुसऱ्याच्या लिखाणाने परकीय सत्तेचं समर्थन. त्यांच्यासमोर राष्ट्रवादी म्हणून इतिहासकार वि. का. राजवाडे ठेवायचे. अस्सल कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडणारे, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं करणारे. तिघं एका ओळीत आले की जोडी लावताना कुणाचंही नाव कुणाला चिकटत नाही.

‘मौखिक साधने’ आणि ‘वंचितांचा इतिहास’ ही जोडी मात्र आमच्या शाळेचीच म्हणायला हवी. वर्गातल्या बऱ्याच जणांचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर कितीतरी जणांना पुन्हा गिरणीत जाता आलं नाही. मी मुलांना घरी विचारायला सांगते. आजीने चूल कशी चालवली, भांडी कुणाकडे गहाण पडली, कोण गावी परत गेलं. आजी जे सांगते ते मौखिक साधन. त्या सांगण्यावरून, तिच्या बाजूने, तळातून इतिहास लिहायचं ठरवणं हा वंचितांचा इतिहास. असा इतिहास मांडणारे इतिहासकार रणजित गुहा यांचं नाव इथे येतं. साधन म्हणजे माहिती कुठून आली, आणि दृष्टिकोन म्हणजे ती कुठे उभं राहून पाहिली. ताईंनी ही भिंत माझ्याआधी सांगितली. त्यांच्या सासूबाईंनी संपाच्या काळात खानावळ चालवली होती.

वही कशी करायची तेही सांगते. पानाच्या दोन बाजूंना दोन संज्ञा, मध्ये एकच ओळ. ती ओळ स्वतःच्या शब्दांत हवी, गाईडातून उतरवलेली चालणार नाही. खाली एक आकडा किंवा एक माणूस. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्ही बाजू हाताने झाकायच्या, फक्त मधली ओळ वाचायची आणि संज्ञा ओळखायच्या. लोकलमध्ये उभ्याने सुद्धा हे जमतं. जी जोडी अडली तिच्यावर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला मला विचारायची.