तुम्ही विचारलंत म्हणून: अफिलिएटचा कोणता प्रोग्राम घेऊ?

मी अफिलिएट मार्केटिंग करतो, म्हणजे माझ्या वेबसाइटच्या पानांवर दुसऱ्यांच्या मालाच्या लिंक देतो आणि त्यावरून विक्री झाली की कमिशन घेतो. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मलाही सुरू करायचंय, कोणता प्रोग्राम घेऊ?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी पटकन नाव घेत नाही, तर काहींना वाटतं, हा हातचं राखून बोलतोय. तसं नाहीये. फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. कुणाच्या खरेदीतली कोणती अडचण आपण सोडवणार, हे ठरवायला मात्र वेळ लागतो. ते एकदा ठरलं की प्रोग्रामचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

प्रिंटरचंच घ्या. 'बेस्ट प्रिंटर' या विषयावर लिहून नवख्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. तिथे मोठ्या साइट्स ठाण मांडून बसल्यात, आणि ते शोधणारा बऱ्याचदा नुसताच चाळत असतो. पण 'महिन्यातून दोनदाच प्रिंट काढतो, इंकजेट घेऊ की लेझर?' असं टाइप करणाऱ्याचं घ्यायचं जवळपास पक्कं झालेलं असतं, एका शंकेवर गाडी अडलेली असते. त्याला सांगा, की इंकजेट पडून राहिला की शाई नोझलमध्ये सुकते, मग क्लीनिंग चालवावं लागतं आणि त्यात आणखी शाई जाते. लेझरचा टोनर म्हणजे पावडर, ती सुकण्याचा प्रश्नच नाही. आणि फोटो छापायचे असतील तर साधा लेझर घेऊ नका, हेही सांगा. 'घेऊ नका' हे शब्द ज्या पानावर कुठेच नाहीत, त्या पानावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता लिंकचं. ॲमेझॉनने असोसिएट्स हा आपला अफिलिएट प्रोग्राम सुरू केला १९९६ मध्ये, आणि गाभा अजून तोच आहे: तुमच्या लिंकवरून गेलेल्याने काही विकत घेतलं तर कमिशन तुमचं. पण त्याला मुदत असते. ॲमेझॉनकडे ती २४ तासांची. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये पडली तर साधारण ९० दिवस, नाहीतर उद्या परवा घेतलेल्या प्रिंटरवर तुमचा हक्क नाही. इतर कंपन्यांची मुदत वेगळी, काहींची बरीच लांब. उलट त्या मुदतीत गिऱ्हाईकाने भलतंच काही घेतलं तरी ते तुमच्या खात्यात येतं. प्रिंटरचं पान लिहिणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये बूट आणि उशांची खोळ दिसते ती यामुळे. माल परत गेला की कमिशनही गेलं.

दर आपल्या हातात नसतात, हे फार कमी जण लक्षात घेतात. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. पानं तीच, वाचक तेच, विक्री तीच धरली तरी उत्पन्न निम्म्याहून खाली. म्हणून सगळी भिस्त एकाच प्रोग्रामवर ठेवू नका.

लिंकवर मला कमिशन मिळतं, हे लिंकच्या जवळच, वाचकाच्या भाषेत लिहायचं. तळाशी बारीक अक्षरात नाही. अनेक देशांत तो कायद्याचा भाग आहे, आणि नसता तरी मी लिहिलं असतं. लपवलेलं कमिशन वाचकाला कळतं तेव्हा तो आधीचं सगळंच खोटं धरतो.

'नोकरी सोडू का?' हा जोडप्रश्न. नका सोडू. विक्री झाली त्या महिन्यानंतर पैसे हातात पडायलाच साधारण दोन महिने जातात, आणि त्याआधी पानं शोधात वर यायला किती लागतील ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगणारे असतात, पण ते सहसा कोर्स विकत असतात.

तरी ॲमेझॉनच घ्यायचं असेल तर अर्जाची घाई करू नका. नव्या खात्याला १८० दिवसांत ३ विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. आणि आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी केलेली खरेदी त्यात धरत नाहीत, त्यामुळे ती युक्ती चालत नाही. आधी त्या प्रिंटरवाल्यासारख्या अडलेल्या गिऱ्हाइकांसाठी पंधरा-वीस पानं लिहा, त्यांवर थोडे वाचक येऊ द्या, मग अर्ज टाका.